काच की कॅन? आधी भंगारवाला किती लांब आहे ते बघा



आपल्या भागात 'आडवी बाटली' म्हटलं की मतदान आठवतं. गावातल्या बायका एकत्र येऊन दारूच्या दुकानावर मत टाकतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आज मी लिहितोय ती बाटली मतपत्रिकेवरची नाही. ती कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर, गाळात अर्धी रुतलेली, गळा फुटलेली अशी पडलेली आहे.

झालं असं की साताऱ्याच्या वर्गात एक जण आला होता. बामणोलीच्या पलीकडच्या काठाला त्याचं छोटं कृषी पर्यटन आहे. चार खोल्या, दोन तंबू, चुलीवरचं जेवण. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून पाहुणे लाँचने येतात आणि सामानही लाँचनेच येतं. जमीन तिथली असली तरी हिशोब बेटाचा आहे. तिकडे गेलेली प्रत्येक वस्तू परत आणायची तर पुन्हा लाँचच लागते.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, गाळाची जमीन उघडी पडते आणि लोक तिथे गाळपेर करतात. त्या जमिनीत शेजाऱ्याच्या म्हशीच्या पायात काच घुसली. डॉक्टर लाँचने आणावे लागले, म्हैस महिनाभर बसून राहिली. काच नेमकी कुणाच्या पाहुण्याची, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण पाहुणे याच्याकडे येतात म्हटल्यावर बोट याच्याकडेच गेलं. त्याने डॉक्टरांचं बिल भरलं. शेजारी मात्र अजून बोलत नाही.

त्याने मला विचारलं, "सर, बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहू का, की काचेची बाटली आणायची नाही, बिअर आणायची तर कॅनमध्ये आणा? गिऱ्हाईक तुटेल का?"

मी लगेच "लिहा, आजच लिहा" म्हणून सांगितलं, वर्गाने मान डोलावली आणि आम्ही पुढच्या विषयाकडे गेलो. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला नंतर कळलं.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण सुरू होईल. मी दारूचा प्रचार करत नाही. पर्यटनाच्या धंद्यातल्या माणसाला दारू विकायची असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो नसेल तर एक बाटलीसुद्धा विकायची नाही. पिण्याचेही नियम आहेत. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतं. पण खरी परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. पाहुणा गाडीच्या डिकीत स्वतःची घेऊन येतो. विक्रीतला एक रुपया तुम्हाला मिळत नाही, रिकामी बाटली मात्र तुमच्याकडे राहते. नफा दुसऱ्याचा आणि कचरा तुमचा! कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, कोयनानगर, आणि खाली सांगली जिल्ह्यात चांदोलीच्या बाजूला ज्यांची निवासाची सोय आहे, त्या प्रत्येकाच्या हिशोबात हा खर्च आहे. वहीत मात्र कुणीच लिहीत नाही.

आता जरा आकडेमोड करू.

६५० मिलीची बिअरची रिकामी बाटली कमी-जास्त अर्धा किलो भरते. बारा बाटल्यांचा एक खोका धरा. आत ७.८ लिटर बिअर आणि सहा किलो नुसती काच. भरलेला खोका चौदा किलोच्या आसपास जातो. तेवढीच बिअर ५०० मिलीच्या कॅनमध्ये घेतली तर सोळा कॅन लागतात. रिकामा कॅन साधारण १६ ग्रॅमचा, म्हणजे सोळा कॅन मिळून पाव किलोच्या थोडं वर. परत न्यायचं ओझं एकीकडे सहा किलो, दुसरीकडे पाव किलो. वीसपटीहून जास्त फरक आहे. वर कॅन पायाखाली चेपला की चपटा होतो, शनिवार-रविवारचा सगळा माल एका पोत्यात मावतो. बाटली चेपता येत नाही. फोडली तर उचलणाऱ्याचा हात कापतो आणि तिची किंमतही जाते.

लाँचवाल्याला, घाट चढणाऱ्या टेम्पोवाल्याला, डोक्यावर पोतं घेऊन उतरणाऱ्या मावशींना हे गणित न मांडताही कळतं. त्यामुळे पलीकडच्या काठाला कॅनच, यात माझ्या मनात शंका नाही.

मग अर्धं उत्तर का म्हणालो?

त्या वर्गानंतर महिन्याभराने मिरजेत एका भंगारवाल्या काकांकडे बसलो होतो. खरं तर त्यांच्या हिशोबाच्या वहीवर व्हिडिओ करायचा होता. बोलता बोलता मी कॅनचा विषय काढला, मोठ्या उत्साहाने. काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही शिकवता ते ठीक आहे. पण माझ्याकडे येऊन गेलेली बिअरची बाटली परत बिअरचीच बाटली होते. कॅनला आधी वितळावं लागतं."

आणि ते खरं आहे. बिअरची अखंड बाटली आपल्याकडे कचरा नसतेच. डबा-बाटलीवाला ती गोळा करतो, भंगारवाला प्रकार वेगळे करून खोके लावतो, तिथून ती मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि कारखान्याकडे जाते. तिथे धुऊन, तपासून पुन्हा भरतात. जुन्या बाटलीच्या गळ्याभोवती आणि पोटावर जे पांढरट घासल्याचे पट्टे दिसतात ना, ते या फेऱ्यांचे. काकांच्या गोडाऊनमध्ये चार बायका दिवसभर बाटल्याच निवडतात. उद्या सगळ्या जिल्ह्याने कॅन धरला तर त्या चौघींच्या कामाचं काय, हा प्रश्न मी वर्गात विचारलाच नव्हता.

पण काकांनी पुढे आणखी एक सांगितलं, आणि माझ्या दृष्टीने सगळा विषय तिथे सुटला. बाटलीला भाव आहे तो अखंड असेपर्यंत. फुटली की ती काचेचा चुरा. चुऱ्याला इतका कमी भाव की लांबून आणण्याचं डिझेलही सुटत नाही. मी विचारलं, "बामणोलीच्या पलीकडून बाटल्या आणल्या तर घ्याल?" ते हसले. "आणून दिल्या तर घेईन की. मी काय आणायला जाणार नाही."

कॅनचं तसं नाही. अॅल्युमिनियम चेपलं, वाकलं, चिखलात माखलं तरी अॅल्युमिनियमच राहतं. किलोवर विकलं जातं. जुन्या अॅल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते, म्हणून त्याला कायम गिऱ्हाईक असतं. फक्त एक किलो भरायला साठ-पासष्ट कॅन लागतात. म्हणजे एकट्या माणसाचं त्यात काही सुटत नाही, पोतं भरलं तरच परवडतं.

मंडळी, म्हणून माझं मत असं झालंय. तुमच्या दारापासून भंगारवाल्यापर्यंत बाटली अखंड आणि स्वस्तात पोचत असेल तर काच ठेवा. पोचत नसेल तर कॅन. सांगलीत, मिरजेत, कराडात ज्यांचं परमिट रूम आहे त्यांनी 'पर्यावरण पर्यावरण' म्हणून कॅनवर उडी मारायची काही गरज नाही. तुमची बाटली टेबलावरून क्रेटमध्ये जाते, दुसऱ्या दिवशी डबा-बाटलीवाला येतो, चार पैसे देऊन जातो. आणि कॅनमध्ये मिलीलीटरमागे गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा जास्तच पडतं. साताऱ्यातल्या दुकानाचा आणि वासोट्याच्या पायथ्याचा नियम एक असू शकत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचं एक बेट आहे, अख्खा प्रांतच बेटावर. त्यांनी बरोबर उलटं केलं होतं. बेटावर कचरा नको म्हणून त्यांनी कॅनवरच बंदी घातली आणि पुन्हा भरायच्या काचेच्या बाटल्या चालू ठेवल्या. ही बंदी २००८ साली उठली. बेटावरचे लोक वेडे होते का? मुळीच नाही. शीतपेयाच्या बाटल्या भरणारा कारखाना बेटावरच होता. रिकामी बाटली तिथल्या तिथे कारखान्यात जायची आणि भरून परत यायची. डेन्मार्कनेही २००२ पर्यंत बिअरचा कॅन देशात विकू दिला नव्हता, कारण त्यांची बाटली परत गोळा करण्याची साखळी पक्की होती. आपल्या पलीकडच्या काठाला ना कारखाना आहे ना साखळी. तिथे तोच नियम लावला तर काच गाळातच जाणार.

काचेशी माझं काही वैर नाही हो. उलट आपला जिल्हा काचेचा. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्या कंदिलाची काच तडकली तर माणूस काच बदलायचा, कंदील टाकून देत नव्हता. धंद्याच्या वर्गात लोक मला नेहमी परदेशातली उदाहरणं मागतात. ओगलेवाडीवर एक वेगळा व्हिडिओ करायचं माझं फार दिवसांपासून राहिलंय.

आता उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येतो. समजा तुम्ही मेसेज टाकला, पाहुण्यांनी कॅन आणले. पुढे काय? रात्री शेकोटी होते, कॅन शेकोटीत. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे चांगल्या रसरशीत निखाऱ्यात कॅन अर्धवट वितळून राखेत त्याचा गोळा होतो आणि फाटलेल्या कडा सुरीसारख्या होतात. नाहीतर कॅन पाण्यात. तिथे तो काही कुजणार नाही. म्हशीच्या पायात काच गेली काय आणि पत्रा गेला काय, म्हशीला सारखंच. काचेच्या जागी कॅन आणल्याने ओझं कमी होतं. फेकणारा हात तोच राहतो.

तो हात थांबवायला आपल्याकडे जुना उपाय आहे. गोटी सोडा आठवतोय? गाड्यावर उभं राहून प्यायचा, बाटली तिथेच ठेवायची. घरी न्यायची तर सोडावाला आधी बाटलीचे पैसे ठेवून घ्यायचा. थंड पेयाच्या क्रेटचंही तसंच, किराणा दुकानदाराच्या वहीत मालाचे पैसे वेगळे आणि बाटल्यांचं डिपॉझिट वेगळं. ते डिपॉझिट बुडू नये म्हणून आमची आई लग्नघरी पाहुणे गेल्यावर खुर्च्यांखाली वाकून वाकून बाटल्या शोधायची. तेव्हा कुणी तिला पर्यावरणाचं भाषण दिलेलं नव्हतं.

तमिळनाडूने हेच केलं. निलगिरीच्या डोंगरात लोक दारूच्या बाटल्या जंगलात फेकायचे, फुटलेल्या काचा हत्तींच्या पायात जायच्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. २०२२ च्या मे महिन्यापासून निलगिरी जिल्ह्यातल्या सरकारी दारू दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली आणि रिकामी बाटली परत आणली की ते दहा रुपये परत. पुढे योजना इतर भागांतही नेली. कॅन आणला नाही, बाटली बदलली नाही, फक्त रिकाम्या बाटलीला दहा रुपयांचा भाव दिला. पिणाऱ्याने फेकली तरी दुसरा कोणीतरी उचलून आणतो, कारण जमिनीवर दहाची नोट पडलीय. गोव्यानेही २०२४ मध्ये डिपॉझिट परत देण्याची योजना अधिसूचित केली आहे.

इथे दुकानदार मित्रांसाठी एक सावधगिरीची सूचना. हे वाचून उद्या आपल्या बिअर शॉपीत डिपॉझिट लावू नका. एमआरपीच्या वर रुपया घेतला तर गिऱ्हाईक तक्रार करेल आणि त्याचं बरोबर असेल. तमिळनाडूत दुकानंच सरकारची आहेत म्हणून तिथे ते सोपं गेलं. आपल्याकडे दुकानं खासगी, त्यामुळे शासनाचा आदेश लागेल. माझी उघड मागणी आहे की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी मिळून ही योजना मागावी, निदान डोंगरपट्ट्यासाठी. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झाला, आणि तो दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. वासोट्याला जाताना वनखात्याचे लोक पिशवीतल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात. तीच पद्धत बाटलीला लावायला कसली अडचण आहे? हॉटेल संघटनांनी पुढाकार घेतला तर लोकप्रतिनिधी ऐकतील. सफाईचा खर्च शेवटी ग्रामपंचायतीच्या आणि आपल्याच बोडक्यावर बसतो.

पण शासनाची वाट बघत बसायचं नसेल तर निवासाची सोय असणाऱ्यांना स्वतःच्या दारात हे आजही करता येतं. तुम्ही दारू विकत नाही, म्हणून एमआरपीचा प्रश्नच येत नाही. पाहुणा आला की सामान उतरवताना मोजायचं. प्लास्टिकची बाटली, कॅन, वेफर्सचं पाकीट, सगळं. माणशी ठरावीक रक्कम अनामत, पावती द्यायची, निघताना मोजून दिलं की पूर्ण परत. एक पैसाही कापून घ्यायचा नाही, नाहीतर रिव्ह्यूत तुमची खैर नाही. आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. दारात आल्यावर सांगितलं तर भांडण, आधी सांगितलं तर नियम.

गिऱ्हाईक तुटेल का? काही तुटतील. जे या नियमावर तुटतात, ते रात्री दोन वाजता स्पीकर लावणारेच असतात असा माझा अनुभव आहे. पण मी खोटं सांगणार नाही, पहिल्या हंगामात फोन ठेवून देणारे लोक असतील आणि चार खोल्यांवर घर चालवणाऱ्याला एक रिकामा शनिवारही जड जातो. म्हणून सुरुवात पावसाळ्यानंतरच्या गर्दीत करा, जेव्हा मागणी तुमच्या खोल्यांपेक्षा जास्त असते. मंदीत नवा नियम आणू नये.

आमच्या त्या बामणोलीपलीकडच्या मित्राने गेल्या हंगामात हे करून बघितलं. काच बंद, कॅन चालेल, माणशी शंभर रुपये अनामत. दोन बुकिंग गेली असं तो सांगतो. एका ग्रुपने चार कॅन कमी दिले आणि आम्ही इतकेच आणले होते म्हणून वाद घातला. तेव्हापासून तो मोजल्यावर आकडा पावतीवर लिहून पाहुण्याची सही घेतो. मला हे सुचलं नव्हतं, त्याला सुचलं.

कॅनचं पोतं आता दर बुधवारी बाजाराच्या खेपेला लाँचने अलीकडे येतं. त्याच्या एकट्याच्या कॅनने ते भरत नव्हतं, म्हणून काठावरच्या आणखी दोघांना त्याने बरोबर घेतलं. तिघांचे कॅन एकाच पोत्यात, हिशोब वेगळा. साताऱ्याच्या भंगारवाल्याकडून जे पैसे येतात त्यात लाँचचं भाडं सुटतं, वर फार काही उरत नाही. शेजाऱ्याकडे तो स्वतः गेला होता, उन्हाळ्यात गाळपेर सुरू व्हायच्या आधी काठ दोघांनी मिळून झाडून घेऊ म्हणून विचारायला. शेजाऱ्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पाणी उतरलं की कळेल.